मानाची बाजू

"आता उचल," वामनराव म्हणाले.

पार्वताबाई बाजेच्या उशाकडच्या टोकाला मांडी घालून बसल्या होत्या आणि मेथी निवडत होत्या. पाचवीतल्या आचलनं पायथ्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला, ओठ घट्ट मिटले आणि उचलला. बाज पार्वताबाईंसकट तिरपी झाली. ओसरीवरच्या पोरांनी एकच गिल्ला केला.

"अवं, पाडता का मले!" पार्वताबाईंनी मांडीवरची मेथी सावरली. "शिकवायले दुसरं काई सामान भेटत नाई का तुमाले?"

"तुज्याएवढं वजनदार नाई भेटत. आचल, आता आजी बसली हाय थे टोक उचल पाहू."

आचल उशाकडे आली. ओढून ओढून तिचा चेहरा लाल झाला, पण बाज हलली नाही.

"बाज तेच, आजी तेच, पोट्टी तेच," वामनराव म्हणाले. "मंग बदललं काय?"

पोरं गप्प झाली. वामनरावांना हा गप्पपणा फार आवडायचा. सगळी नोकरी त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत, त्यातली काही वर्षं इथल्याच शाळेत, विज्ञान शिकवलं होतं, आणि उत्तर मुलांच्या ओठांपर्यंत येईस्तोवर आपण तोंड मिटून बसायचं, एवढी एकच युक्ती ते नव्या मास्तरांना सांगत आले होते. निवृत्त होऊन पिंपळजोडला, आपल्या गावी परतल्यावरही संध्याकाळी गल्लीतली पोरं त्यांच्या ओसरीवर यायची. फी नव्हती. पार्वताबाईंचे मुरमुरे मात्र संपायचे.

"मी सांगू?" आचल म्हणाली. "पह्यले आजी माह्यापासून दूर होती. जमिनीवर टेकलेल्या पायापाशी होती. म्हनून तिचं वजन जमिनीनंच घेतलं. मले उलिसंच आलं. अन् आता सारीच्या सारी माह्याच हातावर आली."

"बस!" वामनरावांनी मांडीवर थाप मारली. "वजन कोठी हाय, टेकलं कोठी हाय, अन् आपला हात कोठी हाय. तीन जागा पाहायच्या. दुनियेतली कोणतीही तरफ घ्या, या तीन जागा कळल्या की झालं. उचलणारा भीम हाय का आचल, थे नंतर."

तेवढ्यात फाटकाशी कोणीतरी उभं असलेलं त्यांना दिसलं. दामिनी होती. शाळेत खिचडी शिजवणारी दामिनी. चांदूर रेल्वेला दिली होती. नवरा गेल्यावर म्हाताऱ्या आईपाशी परत आली, ती इथलीच झाली. ती आत यायला तयार नव्हती, म्हणून वामनरावांनी पोरांना मुरमुरे देऊन घरी पिटाळलं.

"सर, मंगयवारी मले गोटा उचलायले लावून राहिले," ती म्हणाली.

वामनरावांनी कपाळावर हात मारून घेतला.

गावाबाहेर मरीमायच्या देवळापुढे एक लांबट काळा दगड आहे. शेंदरानं माखलेला, वरून सपाट, बाजेएवढा. त्याला सताचा गोटा म्हणतात. गावात कुणावर आळ आला की त्यानं मायची शपथ घ्यायची आणि गोट्याचं एक टोक उचलायचं. पुजाऱ्यानं खालून लिंबू सरकवायचं. लिंबू आरपार गेलं तर माणूस खरा. गोटा हललाच नाही तर खोटा. पोलीस नाही, कोर्ट नाही, अकोल्याच्या चकरा नाहीत.

आळ होता तो शाळेतल्या तुरीच्या डाळीचा. पोषण आहाराच्या खोलीतून डाळीचं पोतं गेलं होतं. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच, एक दामिनीकडे आणि एक शाळा समितीच्या अध्यक्षाकडे, म्हणजे सहदेवकडे. सहदेव सरपंचांच्या घरातला. त्यानं मागच्याच मंगळवारी गोटा उचलून दाखवला होता. तोही एका हातानं, दुसरा हात कमरेवर ठेवून. त्याचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरला होता आणि खाली हात जोडल्याची चित्रं पडली होती.

"मंग आता मीच उरली," दामिनी म्हणाली. "नाई उचलला त काम जाईन सर. काम गेलं त मायची दवाई कोठून आनू? अन् चोट्टी म्हनून या गावात राहू कशी?"

"दामिनी, तू माझ्या वर्गात होती ना?"

"होती ना. पास बी झाली."

"मंग तरफ आठवते का नाई? अवं, थो गोटा खालून सारखा नाई! देवळाचा ओटा नवीन बांधला तवा क्रेननं उचलला होता, मी डोळ्यानं पाह्यला. एका टोकाले पोट हाय त्याले, चांगलं रांजणाएवढं. थे ओट्याच्या खळग्यात बसते, म्हणून वरून दिसत नाई. मायकडचं टोक बारीक. सारं वजन पायथ्याच्या टोकाले. मायकडून उचललं त शेळीएवढं लागते, पायथ्याकडून उचललं त म्हशीएवढं. यात सत नाई अन् फित नाई!"

खरी मेख पुढेच होती, आणि तिच्यावरच वामनराव वर्षानुवर्षं चरफडत होते. कुणी लबाडी करत नव्हतं. रिवाजच तसा होता. देवीच्या जवळची ती मानाची बाजू. पाटील, सरपंच, चार माणसांत उठबस असलेला कुणीही आला की लोक आपणहून म्हणायचे, या भाऊ, असे इकडून या. गडीमाणूस, बाईमाणूस, बाहेरून आलेला, यानं पायरी ओळखून पायथ्याशी उभं राहायचं. म्हणून मानाचा माणूस पिढ्यान् पिढ्या खरा निघत होता आणि बिनमानाचा खोटा. आणि गाव म्हणत होतं, पाहा, माय कशी बरोबर माणूस ओळखते!

"तू मायकडून उभी राहा," वामनराव म्हणाले. "काहीही कर, पण मायकडून उचल. आपोआप उचलल्या जाईन."

दामिनीचा हात फाटकावर गेला.

"मी नेली असती त जागा पाह्यली असती सर," ती म्हणाली. "मी नेलीच नाई त मी कायले जागा पाहू? जेथी उभी करतीन तेथून उचलीन. मायले सारं ठाऊक हाय." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "तुमी त मानता ना, का मी नाई नेली?"

वामनराव अडखळले. आयुष्यभराची सवय होती. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणायचं नाही, जे मोजलं नाही ते लिहायचं नाही.

"मी तिथं नव्हतो दामिनी," ते म्हणाले. "मी पाह्यलं नाई. कोणीच पाह्यलं नाई. म्हणून तर नीट चौकशी..."

"मंग तुमच्यात अन् त्याइच्यात फरक काय राह्यला?"

"फरक असा का मले ठाऊक नाई थे मी ठाऊक नाई म्हणतो, अन् ते..."

पण फाटक वाजलं होतं. दामिनी गेली होती.

पार्वताबाईंनी निवडलेली मेथी पाण्यात टाकली. "तिनं इचारलं काय, अन् तुमी सांगतलं काय!"

"खरं तेच सांगतलं."

"हो. खरं सांगतलं. अन् पोट्टी रडत गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव ग्रामपंचायतीत गेले. सरपंच कुंदाबाई घरी स्वयंपाक करत होत्या. त्यांच्या खुर्चीत त्यांचा नवरा गोवर्धन बसला होता, मोबाइल चार्जिंगला लावून. वामनरावांना पाहून तो उठला, पाया पडला आणि परत त्याच खुर्चीत बसला.

"गोवर्धन, खोली पाहा," वामनराव म्हणाले. "किल्ल्या कोणाजवळ असतात पाहा. डाळ आली तवा कोणी उतरवून घेतली, कोणी मोजून घेतली, थे इचारा. चोरी अशी सापडते. दगड उचलून नाई सापडत."

"सर, रिपोर्ट केला त गावाची बदनामी होते."

"अन् त्या पोरीची?"

"तिले चानस देऊन राहिलो ना! उचलला त काम तिचंच. सहदेवले बी सोडलं का आमी? आमच्या घरचा असून उचलायले लावला."

"कोणत्या बाजूनं?"

"म्हंजे?"

"सहदेवनं कोणत्या बाजूनं उचलला?"

"मानाच्या बाजूनं. अध्यक्ष हाय थो."

वामनरावांनी टेबलावरची पट्टी उचलली. तिच्या एका टोकावर ग्रामपंचायतीचा शिक्का ठेवला. एका बोटानं हे टोक उचल, आता ते टोक उचल, असं त्यांनी त्याला करायला लावलं. गोवर्धननं आज्ञाधारकपणे दोन्ही टोकं उचलून पाहिली. पंचवीसेक वर्षांपूर्वी बाकावर बसून तो जशी मान हलवायचा, तशीच त्यानं आताही हलवली.

"समजलं?"

"समजलं ना सर. थे भार अन् बल. तुमी शिकवलं होतं."

"मंग गोट्याले थेच लागू होते का नाई?"

गोवर्धनच्या कपाळाला आठी पडली. "सर, थे पुस्तकातलं वेगळं. आमाले पेपरात त्याचे पूर्ण मार्क भेटले. पन हे मायचं हाय."

"अरे, म्हणजे पट्टीले एक नियम अन् मायच्या गोट्याले दुसरा?"

"असनच ना सर. नाई त मंग माय कायची?"

वामनराव पट्टी हातात धरून उभे राहिले. याला नापास केला असता तर एकवेळ बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. न कळलेल्याला परत शिकवता येतं. याला सगळं कळलं होतं, पूर्ण मार्कांचं कळलं होतं, आणि ते त्यानं वहीसोबत दप्तरात बांधून ठेवलं होतं.

"एकच कर," ते म्हणाले. "मंगयवारी सहदेवले पायथ्याशी उभा कर अन् पुन्हा उचलायले लाव."

"तुमी मायची परीक्षा घेता का?" गोवर्धनचा आवाज एकदम बदलला. "सर, तुमचा मान हाय म्हनून आयकून राहिलो. दुसरा कोनी असता त..."

घरी परतताना वामनरावांच्या डोक्यात दामिनीचं वाक्य घोळत होतं. जिनं पोतं नेलं असतं, तिला काल अशी आयती युक्ती मिळाली असती तर तिनं ती दोन्ही हातांनी घेतली असती, चार वेळा विचारून घेतली असती. ही तर रागावली. जागा पाहणं म्हणजे आपण दोषी ठरणं, असं तिला वाटलं. वामनराव रस्त्यातच थांबले. पुरावा पुरावा म्हणून आपण जो मागत होतो, तो काल आपल्या फाटकाशी उभा होता, आणि आपण त्याला चौकशीचे नियम सांगत बसलो.

"नेली नाई तिनं," घरात शिरताच ते म्हणाले.

"मले कालच ठाऊक होतं," पार्वताबाई म्हणाल्या. "आंघोय करून घ्या."

"मंगयवारी मी बाज घेऊन जातो देवळात. साऱ्या गावापुढं दाखवतो. आचल उचलून दाखवीन."

"तुमी देवयात बाज घेऊन गेले त लोक तुमालेच त्या बाजंवर टाकून अकोल्याच्या दवाखान्यात नेतीन."

मंगळवारी बाज नेली नाही. पण वामनराव गेले, आणि गर्दीतून पुढे जाऊन त्यांनी बोलायला तोंड उघडलंच. "बापहो, दोन मिनिटं माझं ऐका. या गोट्याले खालून..."

"मास्तर, वर्ग संध्याकाळी भरवा," मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. वाईट वाटेल असं नाही, आपल्या घरातल्या म्हाताऱ्याला हसावं तसं. तेच वामनरावांना जास्त लागलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, तर पुजारी नत्थुजींनी घंटा वाजवली आणि त्यांचा आवाज तिच्यात बुडाला.

दामिनी धुतलेलं लुगडं नेसून आली होती. कुणी सांगायच्या आधीच ती पायथ्याच्या टोकाकडे निघाली. सहदेव समोर मोबाइल धरून उभा होता. वामनरावांना दिसत होतं, आता काय होणार ते. ती वाकणार, जीव तोडून ओढणार, गोटा हलणार नाही. आणि ही पोरगी स्वतःच्याच मनात खोटी ठरणार. काम जाईल ते वेगळंच. ती मायवर अविश्वास दाखवणार नाही, स्वतःवर दाखवील.

"थांब वो माय," पार्वताबाई बोलल्या.

बायकांच्या घोळक्यातून त्या पुढे आल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी नीट केला.

"नत्थुजी, हे पोरगी कोनाची?"

"कोनाची म्हंजे? आपल्या गावची."

"सून हाय का लेक?"

"लेक हाय. काहून?"

"मंग आखाडीच्या पूजेले लेकीची ओटी कोठी भरता तुमी? पायथ्याशी भरता का?"

नत्थुजी चाचपडले. "नाई... मायजवय बसवूनच भरतो."

"मंग आज कायले पायथ्याशी उभी केली? मायजवय लेक नाई उभी राहीन त कोन उभं राहीन? अध्यक्ष?"

बायकांत कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "खरं बोलून राहिली बाई. लेकीचा मान हाय तो." दुसरी म्हणाली, "पायथ्याशी सुना उभ्या राहतेत." आणखी दोघींनी माना डोलावल्या. गोवर्धननं सहदेवकडे पाहिलं. सहदेवनं मोबाइल खाली केला.

"आळ आलेली हाय थे काकू," सहदेव म्हणाला.

"तुह्यावर बी आला होता ना बापा? तू कोठी उभा होता?"

रिवाजाला रिवाजानंच गाठलं होतं. नत्थुजींनी गोवर्धनकडे पाहिलं, गोवर्धननं बायकांकडे पाहिलं आणि हातानं, जाऊ द्या, अशी खूण केली.

दामिनी भांबावली होती. पार्वताबाईंनी तिचा दंड धरून तिला फिरवलं आणि मायकडच्या टोकाशी नेऊन उभं केलं. तिनं हात जोडले. ओठ हलले. मग वाकून तिनं गोट्याखाली बोटं घातली.

गोटा उचलला गेला. तिनं इतका जोर लावला होता की तो एकदम वर आला आणि तिचा तोल मागे गेला. नत्थुजींचं लिंबू सरकवायचं राहूनच गेलं. "धरून ठेव, धरून ठेव," असं ते ओरडले, आणि तिनं धरून ठेवला. लिंबू एका बाजूनं गेलं, दुसऱ्या बाजूनं निघालं. मग घंटा, मग बायकांचा गलका, मग कुणीतरी फोडलेला नारळ. गोवर्धन मोठ्यानं म्हणाला, "झालं! मायनं निवाडा केला. दामिनी उद्यापासून कामावर." गर्दीत सहदेव दिसेनासा झाला. डाळ कुणी नेली हे कुणी विचारलं नाही. गोट्यानं दोघांनाही खरं ठरवलं होतं, त्यामुळे आता ती कुणीच नेलेली नव्हती.

वामनरावांच्या अंगाचा तिळपापड होत होता. सगळं गाव गोट्यापुढे आडवं पडत होतं. आजवर नसेल इतका त्या दगडाचा महिमा आज वाढला होता, आणि तो त्यांच्याच बायकोनं वाढवला होता. गोट्यात काही नव्हतं, आणि गोट्यानं सांगितलेलं खरं होतं. खोट्या काट्यानं बरोबर वजन दाखवावं, तसं. हाच क्षण होता. सगळे जमले होते, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता फक्त म्हणायचं की बापहो, त्या पोरीला आता पायथ्याकडून उचलून दाखवायला सांगा. पुढचं सगळं आपोआप कळलं असतं. आणि पुढचं सगळं म्हणजे, दामिनीचंही काही उरलं नसतं.

गर्दीतून वाट काढत दामिनी त्यांच्यापाशी आली. तिच्या दोन्ही तळव्यांना शेंदूर लागला होता. डोळे वाहत होते, पण मान ताठ होती.

"सर," ती म्हणाली, "आता त मानता ना?"

मी आधीपासूनच मानतो, असं त्यांना म्हणायचं होतं. गोट्याच्या आधीपासून, त्या दिवशी तू रागावून गेलीस तेव्हापासून. पण तिच्या मागे चारजणी कान देऊन उभ्या होत्या, आणि आपण सुरुवात केली की आपल्याला मध्येच थांबता येत नाही, हे वामनरावांना ठाऊक होतं.

"मानतो," ते म्हणाले.

ती वाकून पाया पडली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक हात वर झाला. आचल होती. टाचा उंचावून, दुसऱ्या हातानं कोपर धरून, वर्गात करायची तसा तिनं हात वर केला होता, आणि तिचं तोंड आनंदानं फुललं होतं.

"सर! सर, मले समजलं! दामिनीताईनं त्या बाजूनं उचलला म्हनून..."

वामनराव झटकन पुढे झाले. त्यांनी तिचा वर केलेला हात मनगटाशी धरला आणि खाली आणला. "चूप," ते म्हणाले.

आचल त्यांच्याकडे बघत राहिली. या माणसानं हा शब्द आजवर तिला कधी म्हटला नव्हता. तिलाच काय, कुठल्याच पोराला म्हटला नव्हता.

"मी चुकली का, सर?" तिनं हळूच विचारलं.

"नाई."

"मंग?"

घंटा वाजतच होती. पार्वताबाई पलीकडे दामिनीच्या कपाळाला कुंकू लावत होत्या. वामनरावांनी आचलचं मनगट सोडलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती बाजूला सरकली आणि इतर पोरांत मिसळली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरं नेहमीसारखी आली. आचलही आली. वामनरावांनी त्या दिवशी मुद्दाम सोपा विषय घेतला होता. पाण्यात काठी वाकडी का दिसते, ते. बादली आणली, काठी बुडवली, आणि प्रश्न विचारून ते गप्प बसले.

आचलला उत्तर येत होतं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं एकदा शेजारच्या पोराकडे पाहिलं, एकदा बादलीकडे पाहिलं, आणि हात मांडीखाली घेऊन बसून राहिली.

वामनराव वाट पाहत राहिले.